चौदावं प्रकरण

नेलिदा उर्रुतियांनी सोडतीचा लाकडी डबा नव्या यंत्राच्या पडद्याच्या बरोबर समोर ठेवला.

"हलवा तो, बाई. पडदा दिसत नाही," डीन फाब्रिसिओ लेदेस्मा म्हणाला.

"दिसू नये म्हणूनच ठेवलाय."

राज्यघटनेच्या तोंडी परीक्षेची त्या कॉलेजातली रीत जुनी होती. डबा फिरवायचा, बाहेर पडेल त्या गोटीवरच्या आकड्याचं प्रकरण सांगायचं. आजची चाचणी पार पडली की आकडा यंत्र काढणार होतं आणि बाईंना सन्मानानं घरी बसवलं जाणार होतं. लेदेस्मा याच डब्यातल्या गोटीवर पास झालेला, बाईंचाच विद्यार्थी. तेव्हाही त्यांना तो डोळ्यांसमोर नको असायचा.

चाचणीसाठी बोलावलेल्या रोसिओ नावाच्या विद्यार्थिनीनं बटण दाबलं. पडद्यावर चौदा आला आणि पोरीचा चेहरा पडला.

"चौदा कधी येतच नाही," ती पुटपुटली. "सगळे सांगतात, चौदा सोडून द्या म्हणून."

लेदेस्मानं डबा टेबलावर उपडा केला. वीस प्रकरणं, एकोणीस गोट्या. चौदा नव्हता.

"इतकी वर्षं लबाडी! आणि मला नियम शिकवता? हे मी समितीपुढे नेणार."

"खुशाल ने." बाईंनी 'माते' या कडवट चहाचा पेला बाजूला सरकवला. "लष्कराच्या राजवटीत एका मुलाला चौदा आला होता. चौदा म्हणजे, उचलून नेलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करा, असं सांगायचा हक्क. फार सुंदर बोललं पोरगं. गुण मी मांडत होते, आणि शेजारचा परीक्षक भराभरा काहीतरी लिहून घेत होता. पुढच्या परीक्षेला पोरगं आलं नाही. घरीही परतलं नाही. त्या आठवड्यात मी गोटी काढून टाकली."

"राजवट जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, बाई. मग परत का नाही टाकलीत?"

बाई टेबलावरच्या गोट्या पुन्हा डब्यात भरू लागल्या. आधी भीती होती, मग सवय झाली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती या माणसासमोर वाटावी याचा त्याहून संताप आला.

"ऊठ गं," त्या रोसिओला म्हणाल्या आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "चौदा मी सांगते. तू परीक्षक हो, फाब्रिसिओ. विचार."

लेदेस्मा तावातावानं समोर बसला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रोसिओनं गुपचूप आपलं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. तो अनुक्रमणिका शोधू लागला.