अब्बांचं गलबत फुटेना

नसरुद्दीनच्या हातचं खेळण्यातलं गलबत काही केल्या फुटेना आणि त्याची लेक झोया रडकुंडीला आली.

सौदीतल्या कतीफच्या मासळी बाजारात एक शीतगृह आहे, नसरुद्दीन तिथला मुकादम. लेकीच्या शाळेत प्रदर्शन होतं. दक्षिण ध्रुवाकडे निघालेलं लाकडी जहाज बर्फाने कसं चिरडलं, त्याचा तिला व्हिडिओ करायचा होता. पण बाप पडला दाभोळच्या खाडीत गलबतं बांधणाऱ्यांच्या घरातला. कच्चं काम त्याला जमतंय कुठलं! काल शीतगृहातल्या लोखंडी पेटीत पाणी गोठलं, तर गलबत फुटायचं सोडून ऐटीत वर आलं. गडी मनातून खूश, लेकीचं तोंड मात्र फुगलेलं.

"अब्बा, इसको टूटना है! आप समझते क्यों नहीं?"

उद्या प्रदर्शन आणि परवा गावी परतायचं विमान. परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात त्याची जागा हम्माद नावाच्या तिथल्याच माणसाला मिळाली होती, आज संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. महिनाभर हम्मादवरचा राग नुसता नाकावर होता. आज फुटलं तर फुटलं, नाहीतर लेक रिकाम्या हाताने शाळेत जाणार.

सकाळी त्याने पटाशी घेतली आणि गलबताच्या पोटातले आडवे आधार काढून टाकले. वर येऊ नये म्हणून बुडाला शिसं ठोकलं आणि पेटीत ताजं पाणी भरून ते परत सोडलं. आपणच बांधलेलं आपणच मोडायचं, फार जिवावर आलं त्याच्या.

दुपारी पेटीभोवती ही गर्दी! हमाल, मासेवाले आणि दोन जाकिटं चढवून, मोबाईल धरून उभा हम्माद.

"यल्ला, यल्ला!" तो चक्क बर्फाला 'चल, आटप' असं दटावत होता.

एक फळी कुरकुरली. सगळे पेटीवर वाकले. मग काडकन आवाज झाला, डोलकाठी कलली, दोन्ही बाजू आत दबल्या आणि गलबताचं पोट फुटलं!

"टूट गया! अब्बा, टूट गया!"

एकच गिल्ला झाला. नसरुद्दीन सगळ्यांत मोठ्याने ओरडला, पण डोळे भरून आले ते आलेच.

झोयाने ते पाहिलं. खिशातून काड्यांची इवली माणसं काढून तिने बर्फावर उभी केली.

"ये सब बच गए थे, अब्बा. जहाज गया, लेकिन सब घर पहुँचे."

नसरुद्दीनने बाहीला डोळे पुसले. संध्याकाळची वाट न पाहता त्याने किल्ल्यांचा जुडगा हम्मादच्या हातावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या अरबीत बजावलं, "दार उघडं टाकू नकोस हं. गारवा निघून जातो."