पडण्याआधी बसायचं

वर्गात तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्या वेळी ती शिडी. दारातून जाताना मान वाकवायची तिला सवयच होती. गणवेश कितीही मोठा शिवला तरी चार बोटं आखूड व्हायचा, आणि वसतिगृहातल्या पलंगावर झोपली की पावलं बाहेर लोंबायची. हे नाव ठेवलं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं. त्या मैत्रिणीला सगळ्या रेडिओ म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा बोलायची.

शिडीच्या घरी दवाखान्यातलं कोणी नव्हतं. वडील सुतार, आई बेकरीत कामाला. पोरीला नर्स व्हायचंय म्हटल्यावर दोघांनी तिला हौसेनं पाठवलं होतं, आणि पोरीनंही पहिल्या सत्रात त्यांची मान ताठ ठेवली होती. सरावाच्या पुतळ्याला ती अशी पट्टी बांधायची की मॅडम इतर मुलींना बोलावून दाखवत. तेव्हा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पाऊल टाकलं त्या दिवशी तीच आडवी होईल असं कोणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःला तर नाहीच नाही.

बायकांच्या त्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर एक पेशंट होत्या. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर म्हणून काम केलेल्या, निवृत्त झाल्या तरी आवाज तसाच खणखणीत. सगळा वॉर्ड त्यांना कंडक्टरबाई म्हणायचा. साखरेच्या आजारानं त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती. चपलेतून खिळा वर आला आणि तळव्यात शिरला, तरी त्यांना पत्ता नाही. कळलं तेव्हा जखम चिघळली होती. एक बोट काढावं लागलं, आणि तळव्यावर मोठी ओली जखम राहिली. तिची रोज मलमपट्टी व्हायची.

मोठ्या सिस्टरांनी मुलींना कॉटभोवती उभं केलं. वॉर्डाच्या प्रमुख असलेल्या या सिस्टर बुटक्या, गोल आणि कमी बोलणाऱ्या. ट्रे धरायचं काम शिडीकडे आलं. सिस्टर जुनी पट्टी उलगडू लागल्या. शेवटचा गॉजचा तुकडा निघाला आणि जखम उघडी झाली.

शिडीला आधी कान गरम झाल्यासारखे वाटले. मग विनाकारण जांभई आली. तोंडात पाणी सुटलं, सिस्टरांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा लांब गेला आणि खिडकीच्या कडा काळ्या पडत चालल्या. सगळ्या उभ्या आहेत, आपणच कसं बसायचं, एवढा विचार तिच्या मनात आला. पुढचं तिला आठवत नाही. ट्रे, चिमटे, वाट्या असा सगळा संसार घेऊन ती खाली आली.

"शिडी पडली!" रेडिओ ओरडली. ते ऐकून सफाईवाल्या मावशी बादली टाकून धावत आल्या आणि वॉर्डात शिडी कोणी उभी केली होती म्हणून सगळ्यांना फैलावर घेऊ लागल्या. जमिनीवर पसरलेली लांबलचक मुलगी दाखवली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

शिडी शुद्धीवर आली तेव्हा तिचे पाय उशांच्या ढिगावर होते आणि शेजारी मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. आता आपली शोभा होणार, या धास्तीनं तिनं डोळे पुन्हा मिटून घेतले.

"जागी आहेस, कळतंय मला," सिस्टर म्हणाल्या. "कान गरम झाले होते?"

"हो."

"जांभई? आवाज लांब गेले?"

"हो सिस्टर."

"म्हणजे शरीरानं तुला तीनदा सांगितलं. मग बसली का नाहीस?"

"सगळ्या उभ्या होत्या."

सिस्टरांनी तिच्या हातात साखर घातलेलं लिंबाचं सरबत दिलं. "नीट ऐक. पडण्याआधी बसायचं. बसलेली नर्स थोड्या वेळानं कामाला लागते. पडलेली नर्स म्हणजे मला आणखी एक पेशंट. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. काहींचं शरीर असं काही पाहिलं की गोंधळतं. ठोके मंदावतात, रक्त पायात उतरतं, डोक्याला पुरत नाही. त्यात तुझं डोकं इतक्या उंचावर."

शिडीला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही.

मग सिस्टरांनी तिला एक साधी गोष्ट शिकवली. कान गरम व्हायला लागले की मांड्या, पोटऱ्या आणि मुठी घट्ट आवळायच्या, अंगात ऊब येईपर्यंत तशाच धरायच्या, मग जरा सैल सोडायच्या आणि पुन्हा आवळायच्या. त्यानं रक्त वर ढकललं जातं. गुडघे ताठ करून खांबासारखं उभं राहायचं नाही. उपाशीपोटी वॉर्डात यायचं नाही. आणि तरीही जमलं नाही तर सरळ सांगून खाली बसायचं.

संध्याकाळी शिडीनं घरी फोन लावला. हे काम माझ्यानं होणार नाही, असं ती आईला म्हणाली. मागून वडिलांचा आवाज आला, "परत ये म्हणावं तिला. जीव टांगणीला लावून कशाला शिकायचं?"

"तुम्ही थांबा हो जरा," आई त्यांना म्हणाली, मग फोनमध्ये, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"चहा."

"चहा खातात होय? मी पहाटे उठून अख्ख्या गावाला पाव भाजून घालते आणि माझीच पोर चहावर कामाला जाते. आधी पोटभर खा, झोप. परत यायचं की नाही ते भरल्या पोटी ठरव."

भरल्या पोटी शिडीला वाटलं, निदान त्या पेशंटची माफी तरी मागून यावं. दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पाळीला गेली, आणि कामं उरकल्यावर खिडकीजवळच्या कॉटपाशी उभी राहिली. कंडक्टरबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आदल्या दिवसापासून त्या कोणाशी बोलल्याच नव्हत्या.

"मावशी, काल माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

बाईंनी चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मग भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "इतका घाण झालाय का गं माझा पाय?"

शिडी कॉटच्या कडेवर टेकली. आपल्या पडण्याची लाज तिला रात्रभर वाटली होती. पण तिला पडलेलं पाहून समोरच्या बाईला काय वाटलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझा पोरगा येतो," बाई पुढे म्हणाल्या, "तो दारातूनच बोलतो. नाकाला रुमाल लावून. पायाजवळ म्हणून येत नाही. मी म्हटलं, असेल बाई वास येत. आणि तू तर बघूनच कोसळलीस. म्हणजे काय असेल ते मला समजलं."

"नाही मावशी, तसं नाही," शिडी म्हणाली आणि सिस्टरांनी सांगितलेलं सगळं तिनं घाईघाईनं सांगून टाकलं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

शिडीनं क्षणभर विचार केला. "आज सकाळी तुम्हाला शौचाचं भांडं कोणी दिलं?"

"तू दिलंस."

"ते काढून, धुऊन कोणी ठेवलं?"

"तूच."

"मग तेव्हा पडले का मी? घाणीला पडायचं असतं तर तिथेच नसते पडले?"

बाई वळल्या. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि मग त्यांच्या पोटातून असं हसू उसळलं की पलीकडच्या कॉटवरची पेशंट जागी झाली. "बिनतोड आहे बाई तुझं," त्या म्हणाल्या. हसता हसता डोळे पुसून हळू आवाजात त्यांनी सांगितलं, "खरं सांगू? मी अजून बघितलाच नाही तो पाय. पट्टी सुटायला लागली की डोळे मिटते."

"मलाही भीतीच वाटते," शिडी म्हणाली. "आपण दोघी मिळून बघू या का?"

पुढच्या पट्टीच्या वेळी शिडी मोठ्या सिस्टरांच्या शेजारी उभी राहिली. पोटात नाश्ता होता, मांड्या आवळलेल्या होत्या. तरी जखम उघडी झाल्यावर कान गरम झालेच. "सिस्टर, मी बसते," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. वरून कंडक्टरबाईंचा आवाज आला, "बसून घ्या, बसून घ्या, गाडी थांबलीय, घाई नाही." डोळे मात्र बाईंचेही मिटलेलेच होते.

शिडी पडली नाही. घोटभर पाणी पिऊन होईतो ती पुन्हा उभी होती आणि पट्टीचं शेवटचं टोक तिनंच चिकटवलं. त्यानंतर रोज ती थोडी जास्त वेळ टिकू लागली. मधे एकदा पुन्हा बसावं लागलं. सिस्टरांनी नुसतं पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि काम चालू ठेवलं. कोणी कुजबुजलं नाही, कोणी टिंगल केली नाही. रेडिओ तर कॉटच्या पलीकडून तिच्या चेहऱ्याकडे बघत ओठांनीच "आवळ, आवळ" म्हणत राहायची.

मग एक दिवस शिडीनं गॉज उचलला, चिमट्यानं जखम साफ केली, पुसली, आणि सगळं संपल्यावर तिच्या लक्षात आलं की कानांकडे आपलं लक्षच गेलं नाही. ती जखमेकडे बघत होती, पण तिला दिसत होतं ते काम. कुठे ओलं आहे, कुठे सुकतंय, कुठे नवी कातडी धरतेय.

"मावशी, बघता का?" तिनं विचारलं आणि तळव्यासमोर छोटा आरसा धरला.

बाईंनी चादर मुठीत पकडली. एक डोळा उघडला, मग दुसरा. पुष्कळ वेळ त्या बघत राहिल्या. "लाल आहे गं."

"लालच पाहिजे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "लाल म्हणजे जिवंत. आता रोज असाच आरशात बघायचा. तुमच्या पायाला दुखलेलं कळत नाही, तेव्हा डोळ्यांनीच विचारपूस करायची."

"एवढंच होय," बाई म्हणाल्या. "मी मनात किती भयंकर रंगवला होता."

घरी सोडायचा दिवस जवळ आला तेव्हा घरच्या माणसाला पट्टी शिकवायची वेळ आली. बाईंना मुलगा तेवढा एकच. गोदामात पोती उचलणारा, दार भरून जाईल एवढा आडदांड माणूस. तो आला आणि नेहमीसारखा दारातच थांबला, रुमाल नाकाशी धरून.

"दादा, आत या," शिडी म्हणाली.

"इथून दिसतंय मला."

"राहू दे गं," बाईंचा खणखणीत आवाज एकदम लहान झाला. "त्याला नको वाटतं. मी करीन माझी मी."

"तळव्याला तुमचा हात पुरणार नाही, मावशी. या हो दादा, नुसतं बघा."

तो नाइलाजानं कॉटपर्यंत आला. शिडीनं पट्टी उलगडायला घेतली आणि सहज त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर घामाचे थेंब होते. त्यानं मोठी जांभई दिली, आवंढा गिळला. चेहरा धुतलेल्या फरशीसारखा पांढरा पडला होता. हा चेहरा तिनं स्वतःचा कधी पाहिला नव्हता, पण आतून तो तिच्या पूर्ण ओळखीचा होता.

"दादा, कान गरम झालेत का?"

त्यानं दचकून तिच्याकडे पाहिलं.

"खाली बसा. आत्ता, इथेच."

एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा फरशीवर बसला. शिडीनं त्याला आडवं करून त्याचे पाय खुर्चीवर ठेवले. जरा वेळानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"पहिल्यापासून होतं असं?" तिनं विचारलं.

"लहानपणापासून," तो छताकडे बघत म्हणाला. "रक्त बघितलं की कोसळतोच मी. पहिल्या दिवशी आईचा पाय बघितला आणि बाहेर जिन्यात पडलो. मग दारातच थांबायला लागलो. रुमालावर अत्तर टाकतो, त्यानं जरा तग धरतो."

कॉटवरून बाई बघत होत्या. "मला वाटलं, तुला वास येतो म्हणून."

"कसला वास, आई?"

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"काय सांगणार? पोती उचलतो आणि पट्टीला घाबरतो म्हणून?"

बाईंनी कॉटवरून हात खाली लांबवला. तो त्याच्या केसांपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. शिडीनं पट्टीचं काम उगाचच हळू केलं.

त्या आठवड्यात तिनं त्याला बसून पट्टी करायला शिकवलं. मांड्या कशा आवळायच्या, नजर जखमेवरून कामावर कशी न्यायची, केव्हा थांबून पाणी प्यायचं, सगळं. त्याचे जाडजूड हात गॉज मात्र फार हलक्यानं ठेवायचे. "मुख्य म्हणजे न्याहारी करून बसायचं," ती त्याला बजावायची, आणि बोलताना तिला आपल्या आईचा आवाज आपल्याच तोंडून येतोय असं वाटायचं.

जायच्या दिवशी कंडक्टरबाई काठी टेकत वॉर्डभर सगळ्यांचा निरोप घेत फिरल्या. शिडीपाशी आल्यावर त्यांनी तिला खाली वाकायला लावलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"पोरी, तू पडली नसतीस तर मी पोराबद्दल मनात अढी धरून घरी गेले असते. तुझे उपकार फेडायचे कसे?"

"उलट मीच म्हणणार होते," शिडी म्हणाली. "तुम्ही पाय पुढे केला नसता तर मी केव्हाच घरी गेले असते."

"मग फिटंफाट," बाई म्हणाल्या आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन, आपल्याच पावलांकडे बघत, सावकाश निघाल्या. दोघं वळणाआड जाईपर्यंत शिडी उभी होती.

मोठ्या सिस्टर औषधांच्या कपाटापाशी होत्या. शिडी त्यांच्याजवळ गेली. मनात खूप होतं, पण शब्द जुळेनात. "सिस्टर, तुमचे आभार कसे…"

"मला तेव्हा कोणी असंच सांभाळून घेतलं नसतं तर मीही टिकले नसते," कपाटातून डोकं बाहेर न काढता सिस्टर म्हणाल्या. "आभार राहू देत. खिडकीजवळची कॉट रिकामी झालीय. नवीन पेशंट येतेय, फार घाबरलेली आहे म्हणे. चादर बदल आणि तिच्याजवळ थोडा वेळ बस."

शिडीनं धुतलेली चादर घेतली, कॉटवर झटकून पसरली आणि कोपरे नीट दुमडले. चाकांची खुर्ची आत आली तेव्हा ती उशी सारखी करत होती. "या मावशी," ती म्हणाली, "इथे उजेड छान येतो."