उतरता स्वर

खासबागेतले यंत्रमाग अमावास्येला तेवढे थांबत. एरवी त्यांच्या मोटारींची खरखर शामूच्या रेडिओत शिरून सारे आभाळ झाकून टाकी. म्हणून रशियाचे फिरते अंतराळयान ऐकायची संधी त्याला महिन्यातून एकदाच मिळे. ब्याऐंशी सालची ही गोष्ट.

भावकूअण्णांच्या माडीवर गावातली रेडिओवेडी पोरे जमत; सर्वांत चांगला रिसीव्हर तिथेच होता. यानाचा आवाज जो कॅसेटवर पकडून आणील, त्याला त्या रिसीव्हरसमोरची खुर्ची कायमची, असे अण्णांनी सांगून ठेवले होते. शामूला चारचौघांत धड बोलता येत नसे. नुसते ऐकण्यासाठी असलेली ती एक जागा त्याला हवी होती. दुसरे काहीच नको होते.

मागच्या दोन अमावास्यांना तो कॅसेट घेऊन धावत गेला होता. दोन्ही वेळा तो आवाज शेजारच्या गच्चीवरून त्या पोरांतल्याच रवळूने छोट्या प्रक्षेपण यंत्रातून सोडलेला निघाला. अण्णांना आधीपासून ठाऊक होते. दुसऱ्या खेपेस तर त्यांनी शामूला सगळ्यांपुढे उभे करून यान कोणत्या दिशेने आले, कसे गेले, हे सविस्तर सांगायला लावले, आणि मगच हसले.

या अमावास्येला, उन्हे कलताना, तीच बारीक शीळ पुन्हा उमटली. शामूने रेकॉर्डरला हात लावला नाही. खिडकीशी जाऊन तो म्हणाला, "बास कर रं रवळू. लई झालं."

गच्चीवर कोणी नव्हते. आणि मागे रेडिओतला स्वर हळूहळू उतरू लागला होता. हॉर्न वाजवीत निघून गेलेल्या एस.टी.चा उतरतो तसा. दूर पळणाऱ्या वस्तूचाच स्वर असा उतरतो. रवळूचे यंत्र तर जागचे हलत नसे. शामूचे बोट बटणापर्यंत पोचले तेव्हा कॅसेटवर घेण्यासारखी नुसती सळसळ उरली होती.

तरी तो माडीवर गेला. रवळू दुपारपासून तिथेच बसून होता. अण्णांच्या रिसीव्हरवरून त्याने भरलेल्या कॅसेटमधून यान निघून जात होते.

"म्या बी ऐकलं, अण्णा."

"व्हय? मग कॅसेट कुठाय?"

रवळूने अगदी हळू आवाजात विचारले, "मीच वाजवलं असंल की रं?"

सगळे शामूच्या तोंडाकडे बघत होते.

"असंल," शामू म्हणाला.

हसू ओसरल्यावर अण्णांनी खुर्ची रवळूला दिली. शामू जिन्याकडे वळला, तेव्हा ते मायेने म्हणाले, "रोज येत जा रं. तू न्हाय आलास तर हसायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी शामू गेला. त्याच्यासाठी दाराजवळ स्टूल ठेवले होते.