माळावरच्या अकरा गाठी

माझी धाकटी बहीण पार्वती नांदायला गेली ते साल अडतीस. त्याच उन्हाळ्यात सरकारनं आमच्या माळावरचे दगड वेचले, चुन्याचा पट्टा आखला आणि तिथं विमान उतरू लागलं. पट्ट्यावरची ढोरं हाकायला तांड्यावरचा रूपसिंग ठेवला. किती माणसं आली, किती गेली, हेही त्यानंच साहेबाला सांगायचं.

तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं, मलाही नव्हतं. त्याच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ वाहिलेलं. बैल घाट उतरला की दोरीला गाठ मारायची, परत चढला की सोडायची. माणसांनाही त्यानं तोच नेम लावला. पहिल्या वर्षात पाच गाठी पडल्या, पाचही सुटल्या. लढाईच्या काळात विमान पंधरवड्याला येई, पुढं दर आठवड्याला. कापसाचे व्यापारी, जिनिंगचे मिस्त्री, एकदा एक आजारी बाई. हिंगोलीची मोटार त्यांना नेई आणि परत आणून सोडी. दोरी साफ राही.

अठ्ठेचाळीसच्या चैत्रात शेवटच्या तीन खेपांना अकरा माणसं उतरली. मोटार आली नाही. ती माणसं पांदणीच्या गाडीवाटेनं चालत गेली. मग विमानच बंद झालं आणि गाठी तशाच राहिल्या.

रझाकारांच्या धास्तीनं गाव तेव्हा दारं लावून जेवत होतं. पारावर रामकिशन पाटलांनी दोरी हातात घेतली.

"अकरा उतरले. गेले कुठं?"

"मला काय ठाव, पाटील. गाठ खोटी न्हाई."

"तुझ्या तांड्यात तर न्हाईत?"

"सात झोपड्या हाईत. अकरा जण ठिवू कुठं, कणगीत?"

कुणी हसलं नाही.

"जो ज्या घाटानं उतरला, तो त्याच घाटानं चढतो," रूपसिंग म्हणाला. "हे काहून चढले न्हाईत, तेच मी बी इचारून राहिलो."

पाटलांनी सांगितलं, ती माणसं सापडेपर्यंत तांड्यानं गावच्या विहिरीवर यायचं नाही.

मी तिथंच बसलो होतो. पांदणीला माझा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा. त्या अकरा जणांना मीच बैलगाडीतून हिंगोलीच्या टेसनावर नेलं होतं, आगगाडीत बसताना पाहिलं होतं. पण तिघांजवळ लांब, जड पेट्या होत्या. आत काय, मी विचारलं नव्हतं. आता तेच मला विचारलं गेलं असतं.

घरी बायको, द्वारका, म्हणाली, "तुमीच नेलं न त्यांना? मंग बोलत काहून न्हाई?"

"गप बस. कुंकू जड झालं का तुला?"

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी रूपसिंग आखाड्यावर आला. दोरी कमरेला होती.

"हिंगोलीला जाऊन हुडकतो. एक घावला तरी एक गाठ सुटंल."

"कयाधूला पूर हाय, भाऊ."

"तांड्यातली लेकरं नाल्याचं पाणी पिऊन राहिलीत, संतराम." त्यानं पांदणीकडं पाहिलं, मग माझ्या गाडीकडं. "तुला काही ठाव हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं कमरेची दोरी आवळली आणि नदीकडं गेला.

रूपसिंग सन अठ्ठेचाळीसच्या पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, कयाधूच्या पुरात वाहून मेला.