पाखरी घोडी आणि इंग्रजी सिनेमावाले

मित्रांनो, मी एक म्हातारी टांग्याची घोडी आहे. माझे नाव पाखरी. आता डोळ्यांना झापडे नाहीत आणि मागे टांगाही नाही. दिवसभर सावलीत उभी राहते, शेपटीने माशा वारते. तुम्ही जवळ येऊन बसलाच आहात, तर माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म करमाळ्याकडच्या एका वस्तीवर झाला. तिथून घोडेबाजारात आले. तिथे सोलापूरच्या चन्नवीर टांगेवाल्याने माझे खूर उचलून पाहिले, दात पाहिले आणि माझ्या कानात कन्नडात काहीतरी बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज आवडला. घरी त्याची बायको बसव्वा दारात उभी होती. "बा, पाखरी, बा," असे म्हणून तिने मला भाकरीचा तुकडा दिला. त्या घरात "बा" म्हणजे "ये", हे मी त्याच दिवशी शिकले.

मी स्टेशनवरून माणसे नेली, गिरणीच्या बायका नेल्या, नवरदेव नेले. "घोडी न्हाय, वारा हाय की," असे लोक म्हणत, तेव्हा चन्नवीर उगाच मिशीवरून हात फिरवी. शनिवारी मात्र टांग्यात माणसे नसत. रविवारी सकाळच्या इंग्रजी सिनेमाच्या रंगीत पाट्या दोन्ही बाजूंना बांधून आम्ही घंटा वाजवत पेठापेठांतून हिंडत असू. त्याबद्दल थेटरवाले चन्नवीरला तो सिनेमा फुकट दाखवत.

ते सिनेमे टोपीवाल्या, बंदूकवाल्या घोडेस्वारांचे असत. चन्नवीरसारखेच त्यांचे आणखी दोन वेडे होते. एक सुताच्या दुकानातला रुद्रप्पा. दुसरा गिरणीतला सिद्धनाथ. हा सांगोल्याकडचा धनगर, त्याचा भाऊ गुंडा गावी मेंढरे राखी. तिघांपैकी कुणालाही इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे थेटरात सिनेमा एक लागे आणि बाहेर माझ्या टांग्याशी आले की त्याचे तीन सिनेमे होत.

"त्यो म्हातारा त्याचा बाप व्हता," रुद्रप्पा म्हणे.

"बाप कसला? सासरा! न्हायतर एवढा कशाला भ्याला असता?" चन्नवीर म्हणे.

सिद्धनाथचे लक्ष भलतीकडेच असे. "सगळा सिनेमाभर घोडं पळीवलं, पर पानी पाजलं का एकदा तरी?"

"पानी पाजत बसला तर गोळी कवा मारायचा?" रुद्रप्पा त्याला टपली मारी. "तू आपला मेंढरांचा सिनेमा काढ. त्यात तुझा गुंडा हिरो!"

ते भांडत आणि मी चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालून ऐकत असे. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. कडबा दिसेनासा झाला. गाईबैलांसाठी छावण्या निघाल्या. टांग्याच्या घोडीला तिथे कोण घेणार? माझी चंदी आधी अर्धी झाली, मग बंद झाली. उन्हाळ्यात एका दुपारी स्टेशनच्या रस्त्यावर माझे पाय लटपटले आणि मी टांग्यासकट खाली बसले. लोकांनी मला उठवले, पण चन्नवीरच्या मनात मी बसलेलीच राहिले.

त्या रात्री त्याने बसव्वाला सांगितले, "वीटभट्टीवाला न्यायला तयार हाय. रविवारी दुपारी येतोय."

"भट्टीवर? ती काय जगंल व्हय तितं?"

"मग हितं काय खायला घालू? तुझं लुगडं?"

बसव्वा भाकरी तशीच ठेवून उठली. चन्नवीरही त्या रात्री जेवला नाही.

रविवारी सकाळी तो सिनेमाला गेला. बाहेर आला तेव्हा तिघांपैकी कुणी हसत नव्हते. सिनेमातल्या टोपीवाल्याचा घोडा वाळवंटात खाली बसला होता आणि त्याने आपल्याच घोड्याला गोळी घातली होती.

"पाय मोडला व्हता त्याचा," चन्नवीर म्हणाला. "दुसरं काय करनार त्यो?"

"पाय मोडला न्हवता," सिद्धनाथ म्हणाला. "तानेनं, पान्यावाचून बसलं व्हतं. बसलेलं जनावर उठवायचं असतंय, अण्णा."

"अरं, त्यो अमेरिकेचा गडी," रुद्रप्पा हळूच म्हणाला.

"अमेरिकेत जनावर तानेनं बसत न्हाय का?"

चन्नवीर चिडला. "तुला बोलायला काय जातंय? मी तिला काय खायला घालू, ते सांग!"

तेव्हा सिद्धनाथ माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "गुंडाचा वाडा, मेंढरं-बिऱ्हाड समदं, माळशिरसकडं कालव्याच्या कडंनं निघालाय. त्येंची बिऱ्हाडाची घोडी मेली. घोंगडी, भांडी, चार कोकरं, एवढंच वझं. चालत चालत खाईल ती."

"अन् वाटंत मेली तर? मला कळायचं बी न्हाय. भट्टी गावात तरी हाय. डोळ्यांफुडं ऱ्हाईल."

"डोळ्यांफुडं मरंल, अण्णा."

मित्रांनो, तो सिनेमा दोन रविवार चालणार होता. चन्नवीरने भट्टीवाल्याला निरोप धाडला, पुढच्या रविवारी ये. आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा तोच सिनेमा बघायला आत गेला. मी बाहेर उभी होते. आत माझा निकाल लागत होता.

तो बाहेर आला. रुद्रप्पाने विचारले, "काय? मोडला व्हता का पाय?"

"पायाकडं बघितलंच न्हाय," चन्नवीर म्हणाला. "त्याच्या डोळ्याकडं बघत बसलो."

मग त्याने माझ्या अंगावरचा साज स्वतःच्या हाताने सोडला आणि दोरी सिद्धनाथच्या हातात दिली. "गुंडाला सांग, उतारावर सावकास न्यायची. अन् तिला नावानं हाक मारायची. काठी न्हाय."

दुपारी भट्टीवाला आला, तेव्हा बसव्वाने दारातूनच सांगितले, "घोडी माहेरी गेली."

मी मेंढरांबरोबर चालले. पाठीवर कोकरे बें बें करीत. कालव्याच्या कडेला जे हिरवे मिळे ते खात असे. त्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला आणि दसऱ्यानंतर गुंडा मला घेऊन सोलापुरात आला. चन्नवीर पाण्याची बादली घेऊन रस्त्यापर्यंत पळत आला. मी पाणी पीत होते आणि तो रस्त्यातच खाली बसून लहान मुलासारखा रडत होता. रुद्रप्पा त्याला म्हणाला, "ऊठ की आता! तुला उठवायला बी धनगर बोलवू का?"

पुढे रिक्षा आल्या आणि टांगा मोडीत निघाला, पण मला कुणी मोडीत काढले नाही. म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. थकून खाली बसलेले जनावर दिसले, तर आता ते संपले असे लगेच म्हणू नका. आधी त्याला पाणी दाखवा. आणि तरीही काय करावे ते कळेना, तर त्याच्या डोळ्यांकडे आणखी एकदा बघा.