वेदरबी गावची मतपेटी

मित्रांनो, जोसाया पिंकम नावाच्या सुताराने मेपलच्या लाकडातून मला घडवले, त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. मी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या वेदरबी गावची मतपेटी. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी शाळेच्या अडगळीच्या खोलीत असते. मार्चमध्ये गावसभा भरली की मला पुसून मंचावर ठेवतात. बायका घेवड्याची उसळ आणि सफरचंदाचा गोड ‘ॲपल पाय’ करून आणतात, आणि गाव दिवसभर भांडते.

मला सर्वांत जास्त कुतूहल ‘कर्ज’ या शब्दाचे. हात लावता येत नाही अशी ही वस्तू माणसांना इतकी का तापवते?

ओरिन बॅचेल्डर हा मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक काढणारा उंच म्हातारा. सरकार जेवढे लहान तेवढे बरे, असे त्याचे ठाम मत. देशाचे कर्ज माणशी किती झाले, हे तो दरवर्षी खिशातली चिठ्ठी काढून वाचून दाखवी. एकदा मागून कुणीतरी म्हणाले, “ओरिन, तुझ्या पाकापेक्षा हे भाषण जास्त उकळलंय.” तोही हसला, पण चिठ्ठी पुरती वाचूनच बसला.

एका वर्षी शाळेचे छत गळू लागले. माझ्याही झाकणावर थेंब पडत, झाकण फुगून घट्ट बसले. शाळा समितीची प्रमुख जोआन लेव्हेस्क हिने वीस वर्षांच्या कर्जाचा ठराव मांडला. ती आणि ओरिन लहानपणी एकाच वर्गात शिकलेले.

ओरिन म्हणाला, “हे फेडणार कोण? आज पहिलीत बसलेली पोरं. त्यांना कुणी विचारलंय?”

जोआन शांतपणे म्हणाली, “तीच पोरं आज गळतीखाली ठेवलेल्या बादल्यांच्या मधोमध बसतात, ओरिन. त्यांना तेही कुणी विचारलं नाही.”

मला दोघांचेही पटले. पेटीची हीच पंचाईत असते.

कर्जाला पाचांत तीन होकार लागतात. दोनशे वीस मतांत एकशे बत्तीस हवे होते. निघाले एकशे एकतीस. जोआन ओरिनजवळ गेली. नाही म्हणण्याचा हक्क त्याचा आहे, पण आता छत कोण शाकारणार तेवढे सांग, असे तिने विचारले.

“मी,” ओरिन म्हणाला. मग त्याने सभेकडे वळून सोबत कोण येणार ते विचारले. चाळीस हात वर झाले.

उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या रानातल्या पाइनच्या फळ्या आणल्या. अडगळीत पडल्या पडल्या मी वरचे हातोडे ऐकत होते. शिडीवर चढले ते सातजण, आणि आठवी जोआन. थंडी पडेपर्यंत अर्धे छत झाले. उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्री फडफडत राहिली.

पुढच्या मार्चमध्ये जोआनने निम्म्या रकमेचा ठराव आणला. ओरिन उठला. या वेळी चिठ्ठी काढलीच नाही.

“कर्ज म्हणजे पोरांच्या खिशात न विचारता घातलेला हात, हे मी आजही म्हणतो. पण शेजारी येतील हा माझा अंदाज चुकला. घ्यायचंच असेल तर पाच वर्षांत फेडा. आज मत देणाऱ्यांनीच फेडायचं, पोरांनी नाही.”

त्यामुळे दरवर्षीचा कर चढणार होता. लोक कुरकुरले, जोआनही कुरकुरली. पण तिने दुरुस्ती मान्य केली. ठराव नऊ मतांनी तरला.

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा. वर्षातून एकदा पुसण्याचा कंटाळा करू नका. आणि तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्याला खाली बसवण्याआधी, तो कुणाच्या काळजीने बोलतो आहे ते विचारा.

त्या दुसऱ्या ठरावाच्या दिवशी ओरिनने माझ्यात होकार टाकला की नकार, हे गावातली मुले अजून मला निरखत एकमेकांना विचारतात. त्याच्या मतपत्रिकेची घडी मी ओळखली होती. पण जोसाया पिंकमने मला फट दिली होती मित्रांनो, खिडकी नाही.