थोरल्या सुनेचा पोशाख

लग्न पाहावं करून, असं म्हणतात. चिंधीकाकूंना ते पैसे वाचवून करून पाहायचं होतं. शिवणकामावर एकटीने लेक वाढवलेली बाई. कापडाचा वीतभर तुकडाही कधी टाकला नाही म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं, आणि काकू ते पदवीसारखं मिरवायच्या. त्यामुळे लेकीला सांगून आलेलं स्थळ "आम्हाला डामडौल नको" म्हणालं, तेव्हा आंधळा मागतो एक डोळा, अशी त्यांची गत झाली.

विहीणबाईंनी तर कमालच केली. हॉल नको, आमची गच्ची आहे. बँड नको, डोकं उठतं. जेवण घरच्या माणसांपुरतं, तेही हलकंच. काकू प्रत्येक 'नको'ला मान डोलावत गेल्या. शेवटी विहीणबाईंनी एक खोकं पुढे सरकवलं.

"थोरल्या सुनेचा लग्नातला पोशाख. एकदाच मिरवलाय. तुम्ही शिवणकाम करता, लेकीच्या मापाचा करून घ्या. नवा कशाला उगीच?"

थोरली सून दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. हसरी आणि गप्प. ट्रेमधले पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. काकूंना ते ऐकू आलं, पण त्यांची बोटं रेशमावर फिरत होती आणि रेशीम अस्सल होतं.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा काकूंनी पोशाख मशीनवर घेतला. लेकीचं माप तोंडपाठ होतं. पोरगी अंगाने भरलेली, आईवर गेलेली. कंबर बरीच सोडावी लागणार होती. खिडकीच्या उजेडात त्यांनी अस्तर उसवलं आणि त्यांचा हात थांबला.

आत सुईच्या भोकांच्या रांगाच रांगा होत्या. मूळ शिवण उसवून तिच्या आत दुसरी घातलेली, दुसरी उसवून तिसरी, मग आणखी. दरवेळी कंबर थोडी थोडी आत घेतलेली. अडकून राहिलेले दोरे निरनिराळ्या रंगांचे, म्हणजे काम निरनिराळ्या वेळचं. एकदाच मिरवलेला पोशाख इतक्यांदा कशाला कुणी आत घेईल? या घरात आधी सुना तरी किती येऊन गेल्या? काकूंनी सरळ विहीणबाईंना फोन लावला.

"अहो, काहीतरीच काय!" विहीणबाई खळखळून हसल्या. "सून एकच. तुम्ही पाहिलीत की तिला. लग्नाच्या वाढदिवशी आम्ही तिला तो घालायला लावतो, नुसता मापाला. सैल झाला की आत घेतो. सैल झाला म्हणजे वर्ष नीट गेलं. सुटलेलं अंग आमच्यात चालत नाही हो. आणि घरखर्च तरी ताटाशिवाय दुसरीकडे कुठे वाचतो?"

"आणि घट्ट झाला तर?"

"एकदा झाला होता," विहीणबाई म्हणाल्या. "पुन्हा नाही झाला."

काकूंनी फोन ठेवला. काटकसर त्यांनीही जन्मभर केली, पण लेकीच्या ताटात कधी केली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. खर्च वाचतोय या आनंदात त्यांनी त्या थोरल्या सुनेकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. लग्न मोडायचं, लोक काय वाटेल ते बोलोत.

लेक कामावरून आली ती थेट पोशाखाकडेच गेली.

"थांब, कंबर सोडलेली नाही अजून," काकू म्हणाल्या. तोवर तिने तो अंगात घातला होता. श्वास आत ओढून तिने एकेक हूक लावला. सगळे लागले.

काकू बघतच राहिल्या. गळ्याखालची हाडं वर आली होती. अख्ख्या गल्लीची मापं घेणाऱ्या बाईने घरच्या पोरीला महिनाभर टेप लावली नव्हती.

"तू डबा खातेस ना?"

"वाटून टाकते. सासूबाई रोज फोन करून विचारतात, आज काय खाल्लंस? काही नाही म्हटलं की किती कौतुक करतात! म्हणाल्या, उसवायचे कष्ट आईला कशाला द्यायचे?"

"हे लग्न होणार नाही," काकू म्हणाल्या, आणि शिवणींपासून फोनपर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं.

लेकीने ऐकून घेतलं. "चांगली माणसं आहेत ती. एक पैसा मागत नाहीत. तूच तर खूश होतीस ना?"

"काढ तो आधी," काकू म्हणाल्या. लेकीने फणकाऱ्याने पोशाख काढून टेबलावर टाकला आणि घरचे कपडे चढवले. काकूंनी कात्री उचलली. गळ्यापासून घेरापर्यंत त्यांनी तो उभा कापला, मधोमध, न थांबता. चांगलं कापड वाया घालवायची त्यांची ही पहिलीच वेळ. आता ती माणसं चिडतील, स्वतःच लग्न मोडतील, या विचाराने त्यांना हायसं वाटलं.

लेक रडली नाही की भांडली नाही. घसरून पडलेले दोन तुकडे उचलायला ती वाकली. उठताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग तिने दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या.

"जोडता येईल," ती शांतपणे म्हणाली. "शिवणीत थोडं कापड जाईल, जाऊ दे. लग्नापर्यंत मला कमीच लागेल."